मंदावलेली ग्रंथि आणि नित्याची गोळी

भिवंडी तालुक्यांतील राहनाळ गांवाला खरी रात्र अशी आतां फारशी उरलेली नाहीं. एका अंगास भिवंडी शहराचे यंत्रमाग, दुसऱ्या अंगास मालाचीं गोदामें. एकाची पाळी सुटते तों दुसऱ्याची लागते, आणि मालमोटारींची वर्दळ उजाडेपर्यंत थांबत नाहीं. अशा गांवांत ‘सकाळीं उठल्याबरोबर, रिकाम्या पोटीं, एक गोळी’ ही डॉक्टरांची सूचना वाटते तितकी साधी राहत नाहीं. जो माणूस सकाळीं आठ वाजतां मागावरून उतरतो आणि नऊ वाजतां जेवून झोंपतो, त्याची सकाळ कोणती? जी गृहिणी पहाटे उठून चहाचें आधण ठेवते आणि दोन घोट घेऊन लगेच डब्यांच्या मागें लागते, तिनें चहापूर्वीचा अर्धा तास आणावा कोठून? हे प्रश्न क्षुल्लक दिसतात. परंतु ज्याची थायरॉइड ग्रंथि मंदावली आहे, त्याचें आरोग्य पुष्कळ अंशीं याच क्षुल्लक प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असतें.

ही ग्रंथि गळ्याच्या पुढच्या भागीं, कंठमण्याच्या थोडी खालीं, श्वासनलिकेला बिलगून असते. आकार पंख पसरलेल्या फुलपांखरासारखा आणि वजन अवघें वीस ग्रॅमच्या आसपास. अन्नापाण्यांतून येणारें आयोडीन रक्तांतून वेंचून घ्यावें आणि त्यापासून थायरॉक्सिन नांवाचें संप्रेरक तयार करून तें पुन्हां रक्तांत सोडावें, हें तिचें काम. हें संप्रेरक शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीपर्यंत पोंचतें आणि तेथील ज्वलनाचा वेग ठरवितें. हृदयानें किती ठोके द्यावे, आंतड्यांनीं किती चपळाईनें काम करावें, अंगांत ऊब किती राहावी, या साऱ्यांत त्याचा हात असतो. चुलींतील लांकडें तींच असलीं तरी वारा घालणारा हात थकला म्हणजे विस्तव मंदावतो. तसेंच कांहींसें येथें घडतें.

या ग्रंथीवर देखरेख ठेवणारी दुसरी एक ग्रंथि मेंदूच्या तळाशीं असते. तिला पीयूषिका म्हणतात. गोदामांतील मुकादम जसा हमालांचे हात मंदावलेले पाहून आवाज चढवितो, तशी रक्तांतील थायरॉक्सिन कमी पडतांच ही पीयूषिका आपलें एक संप्रेरक अधिक प्रमाणांत सोडूं लागते. तपासणीच्या कागदावर ‘टी. एस. एच.’ या तीन अक्षरांनीं ज्याची नोंद असते तें हेंच. म्हणून तो आंकडा वाढलेला दिसला तर थायरॉइडचें काम वाढलें असें नव्हे, तर तें मंदावलें, असा अर्थ बहुधा निघतो. पुष्कळ रोग्यांचा येथेंच घोटाळा होतो. आंकडा चढला म्हणजे औषध जास्त झालें अशा समजुतीनें ते गोळी कमी करतात, आणि मुकादमाचा आवाज आणखीच चढतो.

हा विकार पावलें न वाजवितां घरांत शिरतो. ताप नाहीं, ठणका नाहीं. आधीं थकवा येतो. मग इतरांना उकडत असतांना अंगावर चादर ओढावीशी वाटते. बद्धकोष्ठ होतें, कातडी कोरडी पडते, केस विंचरतांना फणीत अधिक येऊं लागतात. वजन थोडें वाढतें, आवाज घोगरा होतो, पायांना गोळे येतात, बायकांची पाळी अनियमित होते किंवा अंगावर अधिक जातें. विसराळूपणा आणि उदासपणा येतो. यांतील प्रत्येक गोष्टीला घरांत आधींच एखादें कारण तयार असतें. थकव्याला कामाचें, वजनाला वयाचें, उदासीला स्वभावाचें. सासूबाई म्हणतात, सून आळशी झाली. मागावरचे सोबती म्हणतात, गडी आतां उतरला. ज्या दोषाचें मूळ वीस ग्रॅमच्या ग्रंथींत आहे, तो असा माणसाच्या शीलावर लादला जातो. निदान होण्यापूर्वीं रोग्यानें सोसलेलें हें दुःख कोणत्याही तपासणींत दिसत नाहीं. म्हणून घरच्यांनीं तें जाणलें पाहिजे.

विकार दुर्मिळ नाहीं. मुंबई आणि गोवा यांसह भारतांतील आठ शहरांतल्या पांच हजारांहून अधिक प्रौढांची एक पाहणी २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. तींत शेंकडा सुमारे अकरा जणांच्या ग्रंथीचें काम कमी आढळलें. पुरुषांपेक्षां स्त्रियांमध्यें हा विकार कितीतरी अधिक होतो. त्याचें एक मोठें कारण म्हणजे शरीराच्या रक्षक शक्तीनें स्वतःच्याच ग्रंथीला परकी समजून तिच्यावर चालून जाणें. हाशिमोटो नांवाच्या जपानी डॉक्टरानें १९१२ सालीं अशा ग्रंथीचें प्रथम वर्णन केलें, म्हणून या प्रकाराला त्याचें नांव पडलें. दुसरें कारण उपचारांतूनच उद्भवतें. मुंबईस परळ येथें १९६३ सालीं स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरसारख्या ठिकाणीं, अतिवेगानें चालणाऱ्या ग्रंथीला किरणोत्सर्गी आयोडीन देऊन आवरतात. त्यानंतर पुष्कळांची ग्रंथि कायमची मंद होते. शस्त्रक्रियेनें ग्रंथि काढून टाकलेल्यांचेंही तसेंच. ही उपचारांतील चूक नव्हे. मोठें संकट टाळण्यासाठीं पत्करलेली, गोळीनें भरून निघणारी ती उणीव होय.

तिसरें कारण आयोडीनची कमतरता. १९५६ सालीं डॉ. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं हिमालयाच्या पायथ्याशीं कांगडा खोऱ्यांत मिठांतून आयोडीन देण्याच्या प्रयोगास आरंभ केला, आणि त्या प्रयोगानें गलगंड कमी होतो असें सिद्ध झालें. १९६२ सालीं देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. ठाणें जिल्ह्यासारख्या किनाऱ्यालगतच्या मुलुखांत अशी समजूत आढळते कीं, मिठागराचें मीठ समुद्राचेंच असल्यामुळें त्यांत आयोडीन असणारच. तें खरें नाहीं. समुद्राचें पाणी आटवून केलेल्या खड्याच्या मिठांत तें जवळजवळ नसतेंच. तें वरून मिसळावें लागतें. म्हणून घरांत आयोडीनयुक्त मीठच असावें आणि तें झांकणाच्या डब्यांत ठेवावें. मात्र ज्याची ग्रंथि हाशिमोटोच्या विकारानें मंदावली आहे, ती मीठ वाढवून सुधारत नाहीं. तेथें गोळीच हवी.

या गोळीचा इतिहास थोडा सांगण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या विकाराचा रोगी सुजत, मंदावत, शेवटीं जड निद्रेंत जाऊन मरत असे. १८९१ सालीं इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें जॉर्ज मरे नांवाच्या तरुण डॉक्टरानें मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क काढून तो सेहेचाळीस वर्षांच्या एका बाईच्या कातडीखालीं टोंचला. कांहीं आठवड्यांत तिची सूज उतरली, बोलणें सुधारलें, ती हिंडूं-फिरूं लागली. पुढच्याच वर्षीं असें दिसून आलें कीं ग्रंथि पोटांतून दिली तरीही लागू पडते. ती बाई त्यानंतर २८ वर्षें जगली आणि १९१९ सालीं, चौऱ्याहत्तराव्या वर्षीं वारली. तेवढ्या काळांत तिच्यासाठीं ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. १९१४ च्या नाताळच्या दिवशीं अमेरिकेंत एडवर्ड केंडॉल यानें त्या अर्कांतील सत्त्व स्फटिकरूपानें वेगळें केलें. १९२६-२७ मध्यें लंडनच्या चार्ल्स हॅरिंग्टननें त्याची घडण उलगडली आणि तें प्रयोगशाळेंत तयारही केलें. आज औषधांच्या दुकानांत मिळणारी लिव्होथायरॉक्सिनची गोळी हें त्याचेंच कृत्रिम रूप. निरोगी ग्रंथि जें थायरॉक्सिन तयार करते, तेंच.

या इतिहासांतील ध्यानांत धरण्याजोगी गोष्ट मेंढ्यांची संख्या नव्हे, तर ती २८ वर्षें होत. मरेनें त्या बाईचा विकार ‘बरा’ केला नाहीं. तिच्या शरीरांत जें उत्पन्न होईनासें झालें होतें, तें त्यानें रोज बाहेरून पुरविलें. ही गोळी ताप उतरविणाऱ्या औषधाच्या जातीची नसून जेवणाच्या जातीची आहे. काल पोटभर जेवल्यामुळें आज भूक लागली नाहीं, म्हणून यापुढें कायमचें जेवण नको, असें कोणी म्हणत नाहीं. परंतु ‘आतां बरें वाटतें, मग गोळी कशाला?’ असें मात्र पुष्कळजण म्हणतात. बरें वाटतें तें गोळीमुळेंच, हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं.

असें घडण्याचें कारण केवळ अज्ञान नाहीं. या औषधाचा संथपणाही त्यांना फसवितो. शरीरांतील थायरॉक्सिन निम्म्यावर यायला सुमारे सात दिवस लागतात. गोळी सुरू केल्यावर आठ-दहा दिवसांत फारसा फरक जाणवत नाहीं, म्हणून रोगी निराश होतो. आणि गोळी सोडल्यावर आठ-दहा दिवस कांहींच बिघडत नाहीं, म्हणून तो निर्धास्त होतो. दोन्ही वेळां शरीर त्याला खोटी साक्ष देतें. महिना-दोन महिन्यांनीं थकवा पुन्हां दाटून येतो, तेव्हां गोळी सोडल्याचा दिवस विस्मरणांत गेलेला असतो, आणि दोष पुन्हां कामाला, वयाला किंवा नशिबाला दिला जातो. म्हणून या औषधाची परीक्षा अंगाच्या जाणिवेवरून न करतां रक्ताच्या तपासणीवरून करावी. मात्रा ठरविली किंवा बदलली म्हणजे सहा ते आठ आठवड्यांनीं टी. एस. एच. तपासावें, तें स्थिर झालें म्हणजे पुढें सहा महिन्यांनीं किंवा वर्षानें पुरे.

मात्रा अतिशय सूक्ष्म असते. ती मायक्रोग्रॅममध्यें, म्हणजे ग्रॅमच्या दहा लक्षांश भागांत मोजतात. ग्रंथि जवळजवळ बंदच पडली असेल तर दर किलो वजनाला सुमारे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला शंभरच्या आसपास लागते. वृद्धांना आणि हृदयविकार असलेल्यांना मात्र फार थोडीपासून आरंभ करून हळूहळू वाढवितात. एवढ्या सूक्ष्म मात्रेचें औषध पोटांत कशाच्या संगतीनें जातें, याला फार महत्त्व येतें. चहा-कॉफी, दूध, सोयाबीन, आम्लपित्तावरील औषधें, लोह आणि कॅल्शियम यांच्या संगतींत तें पुरतें शोषलें जात नाहीं. म्हणून गोळी नुसत्या पाण्याबरोबर, रिकाम्या पोटीं घ्यावी, आणि त्यानंतर निदान अर्धा तास, शक्य तर तासभर, चहासुद्धां घेऊं नये.

येथेंच राहनाळच्या त्या पाळ्यांचा प्रश्न पुन्हां उभा राहतो. त्याचें उत्तर असें कीं, औषधाला सूर्योदयाशीं कर्तव्य नाहीं. त्याला रिकामें पोट आणि ठराविक वेळ हवी. नेदरलँड्समध्यें झालेला एक प्रयोग २०१० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत सकाळीं गोळी घेण्यापेक्षां रात्रीं निजतांना घेतल्यास संप्रेरकाचें प्रमाण अधिक चांगलें राहतें असें दिसलें. अर्थात् शेवटच्या खाण्यानंतर तीन तास लोटले असतील तर झोंपण्यापूर्वींची वेळही योग्य ठरते. रात्रपाळीच्या कामगारानें डॉक्टरांना आपल्या पाळीचें वेळापत्रक मोकळेपणानें सांगावें आणि दोन्ही पाळ्यांत साधेल अशी एकच खूण ठरवून घ्यावी. ‘झोंपून उठल्यावर पहिलें पाणी’ ही खूण पुष्कळांना जुळते, मग तें उठणें पहाटेचें असो वा दुपारचें. पहाटे उठणाऱ्या गृहिणीनें चहाचें आधण ठेवण्यापूर्वीं, तोंड धुतांच गोळी घेऊन टाकावी. केरवारे, पाणी भरणें, कणीक भिजविणें यांत तो अर्धा तास आपोआप निघून जातो. रमजानचे रोजे धरणाऱ्यांनींही गोळी महिनाभर बंद ठेवण्याचें कारण नाहीं. सहरीपूर्वीं अर्धा तास, किंवा इफ्तारच्या जेवणानंतर तीन तासांनीं निजतांना, अशी वेळ डॉक्टरांच्या सल्ल्यानें महिना लागण्याआधींच ठरवितां येते.

सर्वांत अधिक जपायचें तें गरोदरपणांत. गर्भाची स्वतःची ग्रंथि सुमारें बाराव्या आठवड्यानंतर काम करूं लागते, आणि तें काम पुरेसें होण्यास गरोदरपणाचा जवळजवळ निम्मा काळ जातो. तोंवर त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारें थायरॉक्सिन आईच्याच रक्तांतून मिळायचें. म्हणून जी स्त्री आधींपासून गोळी घेत आहे, तिची गरज या काळांत शेंकडा पंचवीस ते पन्नासपर्यंत वाढते. दिवस गेल्याचें कळतांच, पहिल्या तपासणीची तारीख येण्याची वाट न पाहतां, तिनें डॉक्टरांना गांठून मात्रा तपासून घ्यावी. ‘पोटांत बाळ असतांना गोळ्या नकोत’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला मायेचा असला तरी येथें घातक आहे. याच वेळीं सरकारी आरोग्य केंद्रांतून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. त्याही आवश्यकच, परंतु तिन्ही एका घोटांत घेतल्या तर थायरॉक्सिन वाया जातें. त्यांच्यांत निदान चार तासांचें अंतर हवें. पहाटे थायरॉक्सिन, दिवसाच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, रात्रीं लोह, अशा तऱ्हेची वांटणी परिचारिकेकडून कागदावर लिहून घेऊन ती स्वयंपाकघराच्या भिंतीला लावून ठेवावी.

जन्मतःच ग्रंथि नसलेलीं किंवा तिचें काम अपुरें असलेलीं मुलेंही असतात. जन्माच्या वेळीं तीं बहुधा इतर बाळांसारखींच दिसतात, आणि यांतच धोका आहे. लक्षणें उघड होईपर्यंत वाट पाहिली तर बुद्धीची झालेली हानि भरून येत नाहीं. पण पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालें तर तेंच मूल इतरांबरोबर शाळेंत जातें, शिकतें, वाढतें. बाळाच्या टांचेंतून काढलेल्या रक्ताच्या थोड्या थेंबांवर हें निदान होतें. बाळंतिणीला घरीं आणण्यापूर्वीं ‘बाळाची थायरॉइडची तपासणी झाली काय?’ एवढा एक प्रश्न तिच्या घरच्यांनीं अवश्य विचारावा.

गोळी कमी पडणें जसें वाईट, तसेंच ती जास्त होणेंही. वजन उतरविण्याच्या हौसेनें कोणी मात्रा वाढवूं नये. जास्त मात्रेनें छाती धडधडते, हात कांपतात, झोंप उडते. पुढें हृदयाचा ताल बिघडण्याचा आणि हाडें ठिसूळ होण्याचा संभव असतो. शेजारणीची गोळी आपण घेणें किंवा आपली तिला देणें हेंही टाळावें. नेहमीची गोळी बदलून दुसऱ्या कारखान्याची आली तर डॉक्टरांना कळवावें. केसांसाठीं बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्यापूर्वीं तें सांगावें, कारण त्यांनीं तपासणीचे आंकडे चुकीचे येऊं शकतात. कोबी-फ्लॉवर शिजवून, बेतानें खाण्यास हरकत नाहीं. उन्ह, ओल आणि उजेड यांनीं ही गोळी निकामी होते. पत्र्याच्या छपराखालीं उन्हाळ्यांत खोली तापते. तेथें ती खिडकींत किंवा चुलीजवळ न ठेवतां घरांतील सर्वांत थंड, कोरड्या कोनाड्यांत, मूळच्या बाटलींत अथवा पाकिटांत ठेवावी.

येथें एक खुलासा अवश्य केला पाहिजे. टी. एस. एच. किंचित् वाढलेलें दिसलें म्हणजे प्रत्येकाला जन्मभर गोळी लागतेच असें नाहीं. कांहींचा आंकडा दुसऱ्या तपासणींत आपोआप खालीं येतो. बाळंतपणानंतर मंदावलेली ग्रंथि कधीं कधीं वर्षभरांत पूर्ववत् होते. म्हणून गोळी लागू करण्याचा निर्णय जसा डॉक्टरांचा, तसाच ती थांबवून पाहण्याचाही त्यांचाच असावा. थांबवायची ती तपासणी करून. शेजाऱ्याच्या बोलण्यावरून किंवा कंटाळा आला म्हणून नव्हे.

‘आयुष्यभर गोळी’ हे शब्द प्रथम कानीं पडतात तेव्हां पुष्कळांना ती जन्मठेपेची शिक्षा वाटते. मुलीच्या घरीं तर लग्न जमवितांना ही गोष्ट लपविण्याकडे कल होतो, आणि मग सासरीं ती गोळी चोरून घ्यावी लागते किंवा सुटते. लपविण्यासारखें यांत कांहीं नाहीं. चष्मा लावणाऱ्याला जसें कोणी रोगी म्हणत नाहीं, तसेंच मात्रा जुळलेल्या या माणसालाही म्हणण्याचें कारण नाहीं. तो मागावर उभा राहतो, ओझीं उचलतो. ती मुलें वाढविते, शेतावर जाते, कचेरींत जाते. मरेच्या त्या रोग्याला एका अर्कामागें मेंढ्यांचा कळप लागला; आज तेंच जीवन मुठींत मावणाऱ्या एका बाटलींत येऊन राहिलें आहे. त्याच्या बदल्यांत तें मागतें इतकेंच कीं, दिवसाची एक ठराविक वेळ त्याच्यासाठीं राखून ठेवावी, आणि बरें वाटूं लागलें म्हणून त्याला विसरूं नये.